दादाला केलेला आग्रह

दिवसभर वावरात वाकलेल्या बाईनं संध्याकाळी घरी येऊन भाकरी थापायच्या, ही रीत ज्यानं पाडली तो कधी चुलीपुढं बसला नसणार. कापूस वेचायच्या दिवसांत आमच्या घरी संध्याकाळी भाकरीची ही एवढी चवड लागायची. घरची माणसं, सालगडी, शिवाय कुणी ना कुणी आलं-गेलं. कंबर धरलेली, बोटांना बोंडांच्या टरफलांनी चिरा पडलेल्या, आणि त्याच बोटांनी गरम पाणी घालून ज्वारीचं पीठ मळायचं. डोळ्यांत पाणी यायचं ते धुरानं की रागानं, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

म्हणून मला फळं करायला आवडत. आमच्याकडं फळं म्हणजे कणकेची. जाडसर पोळी लाटायची, सुरीनं तिचे शंकरपाळ्यासारखे तुकडे पाडायचे आणि उकळत्या वरणात सोडायचे. ती वरणफळं सगळ्यांना ठाऊक आहेत. माझी आई मात्र ती कोंबडीच्या रश्श्यात सोडायची. हिंगोलीकडच्या पुसेगावच्या बाजूला आमचं गाव. तिथंही हे दुसऱ्या कुणाच्या घरी होत नसे. आई दमून यायची आणि तिला भाकरी थापायचा कंटाळा यायचा, एवढंच त्यामागचं कारण. एक भगुनं चुलीवर चढवलं की त्यातच कालवण, त्यातच पोटभरीचं. तिखट कमी, तेल बेताचं, वरून मूठभर मेथी. तापातून उठलेल्या माणसालाही ते सोसायचं. आजूबाजूच्या बाया नाकं मुरडायच्या आणि मग वाटी घेऊन यायच्या.

वडील आधीच गेले होते. आई गेली तेव्हा मी परकरी होते आणि दादा नुकता नांगर धरायला लागला होता. त्यानंतर घरात आम्ही दोघंच. तो वावरातून आला की मी त्याला हेच करून घालायची, कारण मला दुसरं धड काही येतच नव्हतं. तो ताटली पुसून खायचा आणि म्हणायचा, आईच्या हातचं लागून राहिलं. हे खोटं होतं. माझी फळं कधी कच्ची राहायची, कधी त्यांचा लगदा व्हायचा. पण तो म्हणायचा आणि मी फुगायची.

माझं लग्न त्यानंच जमवलं. जवळा बाजारापासून गाडीवाटेनं थोड्या अंतरावरचं गाव, काळी जमीन, कापूस पिकवणारं घर. नवऱ्याला थोरला भाऊ, त्याची बायको म्हणजे माझी मोठी जाऊ, आणि वर सासू. सासरे नव्हते. घर खाऊनपिऊन सुखी. दादाला वाटलं, बहिणीचं भलं झालं. मलाही वाटलं.

सहा-सात वर्षं झाली तरी मला मूल झालं नाही. जाऊबाईंना दोन मुली होत्या, त्यामुळं घराला मुलगा नव्हता आणि त्याचं खापर फोडायला मी सापडले. सासू वाईट बोलणारी बाई नव्हती. तुळशीची माळ घातलेली, तोंडात सारखं देवाचं नाव. ती मला शिव्या देत नसे. माझ्यादेखत दुसऱ्यांच्या सुनांची कौतुकं करत बसे. मग एका दिवाळीत तिनं सरळच सांगितलं की पुढच्या दिवाळीपर्यंत वाट पाहू, नाहीतर मुलाचं दुसरं लग्न करू. नवरा तिथंच बैलाची वेसण वळत बसला होता. तो काही बोलला नाही. त्याचं न बोलणं हा त्याचा स्वभाव आहे, असं मी तेव्हा स्वतःला समजावत असे.

त्या काळी, निजामाच्या अमलात, दुसरी बायको करायला कुणी आडवं येत नव्हतं. सरकार नाही, पंच नाहीत. आडवी येत होती ती फक्त एक रीत. पहिली बायको नांदती असताना दुसरी करायची तर पहिलीच्या माहेरची हरकत नसावी लागे. ती हरकत तोंडानं विचारत नसत, कारण तोंडानं कोण हो म्हणणार. दुसरीकडचा माणूस आणि पहिलीच्या माहेरचा माणूस एका पंगतीला बसवत, गावातला एखादा जाणता माणूस साक्षीला घेत, आणि माहेरच्या माणसानं त्या पंगतीत घास घेतला की हरकत मिटली असं धरत. पुढं कुणी पंचांपुढं जाऊन ओरड केली तरी ऐकून घेत नसत. घास घेतला ना, मग आता काय बोलता, असं म्हणत.

हे मला ठाऊक होतं. सगळ्यांनाच ठाऊक असायचं. म्हणून सासूनं तसं सांगितल्यावर मी पहिल्यांदा दादाला गाठलं. संक्रांतीला तो वाण घेऊन आला होता. मी त्याला गोठ्याच्या मागं नेलं आणि सगळं सांगितलं. तो खूप चिडला. माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "बाई, मी जित्ता हाय तवर तुह्यावर दुसरी येनार न्हाई. मी त्या पंगतीला बसनारच न्हाई, मंग काय करतेत?"

मला एवढंच हवं होतं. सवत येणार की नाही हे आता माझ्या भावाच्या हातात होतं, आणि भावाच्या हातात म्हणजे माझ्याच हातात. त्या रात्री किती तरी दिवसांनी मला गाढ झोप लागली.

दुसरा आधार जाऊबाईंचा. माझं त्या घरात कुणाशी जमलं असेल तर त्यांच्याशी. आम्ही कापसाच्या एकाच तासाला, म्हणजे ओळीला लागायचो, त्या उजवीकडची झाडं घ्यायच्या, मी डावीकडची. माझी ओटी भरली की त्या आपल्या ओटीत घालून बांधावर नेऊन टाकायच्या, म्हणजे मला तेवढा विसावा. सासू काही बोलली तर रात्री भांडी घासताना मला हसवायच्या. मी त्यांना दादाचं वचनही सांगितलं होतं. दादा कसा म्हणाला, डोक्यावर हात कसा ठेवला, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, असा भाऊ मिळायला नशीब लागतं. मी त्यांना सांगितलं नसतं तर पुढचं काही झालं नसतं, असं मला कधी कधी वाटतं. पण मग वाटतं, ज्यांना करायचंच होतं त्यांनी दुसरी वाट काढली असती.

पुढची दिवाळी आली आणि गेली. सासूनं काहीच विषय काढला नाही. मी मनात म्हटलं, दादाच्या धाकानं गप्प बसली. दिवाळीनंतर कापसाची दुसरी वेचणी लागली. त्या वर्षी बोंडं चांगली फुटली होती आणि वेचायला बाया मिळत नव्हत्या, म्हणून आम्ही दोघी उजाडायच्या आत वावरात जायचो.

त्या दिवशी जाऊबाई दुपारीच घरी गेल्या. पोट दुखतंय म्हणाल्या. मी म्हटलं, जा, मी उरलेला तुकडा संपवून येते. तो तुकडा दोघींचा होता. एकटीनं संपवायला दिवस कलला. मोठे भाऊजी गाडी घेऊन हिंगोलीच्या जिनिंगला गेले होते, नवरा दुसऱ्या वावरात. मी डोक्यावर गाठोडं घेऊन घरी आले तेव्हा पाय उचलत नव्हते.

अंगणात दोन छकडे उभे होते. एक मी लांबूनच ओळखला, त्याच्या एका चाकाला दादानं बाभळीचा नवा आरा घातला होता, तो अजून पांढरा दिसत होता. माझा सगळा शीण गेला. दादा न सांगता आला म्हणजे मला न्यायला आला. वेचणी संपली की चार दिवस माहेरी नेईन असं तो म्हणाला होता. दुसरा छकडा जाऊबाईंच्या वडिलांचा. ते कळमनुरीकडचे. मी त्यांना मामा म्हणायची. ते लेकीला भेटायला अधूनमधून येत, त्यामुळं त्यात काही नवल नव्हतं.

दादा ओट्यावर बसला होता. मी गेले तर उठून उभा राहिला. पाव्हण्यासारखा. मी हसून म्हटलं, बस की. तो बसला. तब्येत कशी आहे म्हणाला. मी म्हटलं, तू आलास आता चांगली झाली. मग मी पाणी आणायला आत गेले. तो मला नीट बघत नव्हता, हे मला आज आठवतं. तेव्हा मी एवढी हरखले होते की माझंच नीट लक्ष नव्हतं.

आत जाऊबाई उभ्या होत्या. पोट बरं होतं. त्यांनी सांगितलं की मामा आणि दादा वाटेत भेटले, दोघं बरोबरच आले, म्हणून त्यांनी मुलाण्याकडून कोंबडा कापून आणून ठेवलाय. मी म्हटलं, एवढ्या माणसांच्या भाकरी व्हायच्या कधी? तर माझ्या पाठीवर हात फिरवून म्हणाल्या, "किती दमली तू. भाकरी नको थापू आज. तुह्या आईचं ते असतं न्हवं, फळायचं, तेच टाक. सोपं बी हाय अन् तुह्या दादाला बी आवडतं."

त्यांच्या तोंडून माझ्या आईचं नाव निघालं म्हणून मला भरून आलं. एवढी माया कोण करतं, असं वाटलं मला. मी मूर्ख होते हे आता किती वेळा सांगू.

कारण सोयरिकीची पंगत म्हटली की पुरण. पुरण, कटाची आमटी, भात, कुरडया, तूप. पाट मांडलेले, रांगोळी काढलेली. दुसरपणाची पंगत असली तरी एवढं असायचंच. अंगणात तीन दगडांवर उकळलेला कोंबडीचा रस्सा आणि त्यात कणकेचे तुकडे, दमलेल्या बाईनं झटपट केलेलं रोजचं जेवण, हे बघून कुणाला पंगत आठवेल? घरात पुरणाची डाळ शिजली असती तर मी त्याच क्षणी ओळखलं असतं. हे जाऊबाईंना बराबर ठाऊक होतं. त्यांनी मला आराम देण्याच्या नावाखाली आंधळी केली. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच.

तर मी चूल पेटवली. सासू माळकरी असल्यामुळं कोंबडी घरातल्या चुलीवर शिजत नसे. अंगणात कडूनिंबाच्या बाजूला दगड मांडलेले असायचे. करडईच्या तेलात कांदा परतला. लसूण, जिरं पाट्यावर ठेचून घातलं. खोबरं भाजायचं नाही, मसाला वाटायचा नाही, हीच तर त्यातली सोय. हळद, बेताचं तिखट, मग कोंबडी. ती जरा परतून कढत पाणी भरपूर ओतलं, कारण फळं रस्सा पितात. ती शिजेपर्यंत कणीक घट्ट भिजवली, त्यात मूठभर ज्वारीचं पीठ आणि ओवा. जाड पोळ्या लाटल्या, सुरीनं कापल्या आणि रश्श्याला खळखळ उकळी आल्यावर एकेक तुकडा सोडला. एकदम टाकले की चिकटतात. ते वर तरंगायला लागल्यावर मेथी खुडून टाकली आणि भगुन्यावर ताट झाकलं. एकटीनं वेचायला लागलेल्या कापसाचा मला विसर पडला होता. मी गुणगुणत होते. सासू ओट्यावर जपमाळ घेऊन बसली होती, ती माझ्याकडं बघत होती आणि मी तिलासुद्धा हसून म्हटलं की तुमच्यासाठी आत पिठलं टाकते.

दिवेलागणीला नवरा आला. दादाला बघून त्याला नवल वाटलं नाही, हेही मला नंतर आठवलं. तो हातपाय धुऊन बसला. जेवायची वेळ झाली आणि गावातले म्हातारे पाटील काठी टेकत आले. मी जाऊबाईंना विचारलं, हे कसे? त्या म्हणाल्या, मामांची जुनी ओळख, त्यांनीच बोलावलं. मी आणखी एक जर्मनची ताटली घासून घेतली.

चौघं अंगणात गोणपाटावर बसले. मामा, पाटील, माझा नवरा आणि दादा. मी वाढत होते. जाऊबाई दाराच्या आतच होत्या, बाहेर येत नव्हत्या. वाफाळत्या ताटल्या समोर ठेवल्या, कांदा फोडून दिला, लिंबू दिलं. मामांनी हात घातला. पाटलांनी घातला. नवरा मान खाली घालून खायला लागला. दादा मांडीवर हात ठेवून बसला होता.

मी म्हटलं, काहून रे, खा की. तो म्हणाला, भूक नाही. सकाळी निघालेला माणूस, दिवसभर छकड्यात हिंदकळलेला, आणि भूक नाही? मला वाटलं, लाजतोय. बहिणीच्या सासरी, वडीलधाऱ्या पाव्हण्यांसमोर बसायचं म्हणजे तो पहिल्यापासून अवघडायचा. मी रस्सा घ्यायला भगुन्यापाशी आले तेव्हा जाऊबाई दारातून हळूच म्हणाल्या, "तुह्या दादाला आग्रह कर, धाकले. तुह्या बिगर दुसऱ्याचं ते ऐकनार न्हाईत."

मी गेले आणि आग्रह केला. आमच्याकडं आग्रह कसा करतात ते सांगायला नको. त्याच्या ताटलीत चांगला तुकडा घातला, वरून फळं घातली. तो नको नको म्हणत ताटलीवर हात आडवा धरत होता. मी त्याचा हात बाजूला केला. सगळे खायचे थांबले होते. मला वाटलं, पाव्हणे आमचं बहीण-भावाचं कौतुक बघतायत.

मी म्हटलं, "दादा, आईच्या हातचं समजून खा. माही आन हाय तुला."

तेव्हा त्यानं माझ्याकडं बघितलं. संध्याकाळपासून पहिल्यांदा. त्याचे डोळे भरले होते. मला वाटलं, आईची आठवण झाली. माझेही भरले. मग त्यानं ताटलीत हात घातला, एक फळ उचललं, तोंडात टाकलं आणि चावत राहिला. मी पाण्याचा तांब्या त्याच्यासमोर सरकवला.

पाटलांनी उजवा हात ताटलीच्या कडेला पुसला आणि म्हणाले, "झालं. हिच्या माहेरानं घास घेतला. आता हरकत न्हाई."

मामांनी देवाचं नाव घेऊन हात जोडले. ओट्यावर सासूची माळ थांबली. मी डाव हातात धरून उभी होते आणि काही सेकंद खरंच मला कळलं नाही की कुणाची हरकत, कशाची. मग कळलं. पायाखालची जमीन गेली वगैरे म्हणतात, तसं काही झालं नाही. जमीन होती तिथंच होती. मी फक्त नवऱ्याकडं बघितलं. तो म्हणाला, रस्सा वाढ.

आणि मी वाढला. याचाच मला पुढं सगळ्यात जास्त संताप आला. भगुनं उलथं करायला हवं होतं, चुलीत पाणी ओतायला हवं होतं. पण इतक्या वर्षांची हाताला सवय. रस्सा वाढ म्हटल्यावर हात भगुन्याकडं गेला.

बाकीचं मला त्याच संध्याकाळी तुकड्यातुकड्यानं कळलं. माझ्यावर येणारी मुलगी म्हणजे जाऊबाईंची पाठची बहीण. दोघी बहिणी एका घरात आल्या की घर त्यांचंच. आणि मामांना अजून एक धाकटी लेक होती, ती दादाला द्यायची ठरली होती. साटंलोटं म्हणतात त्याला, पण इथं साट्यात गेले होते मी. आई-बाप नसलेल्या, एकट्या, तिशी उलटलेल्या माणसाला कुणी मुलगी देत नव्हतं. मामांनी दिली. मी जाऊबाईंना जे वचन मोठ्या तोऱ्यानं सांगितलं होतं, ते त्यांनी बापाच्या कानावर घातलं होतं. मग बापानं ते कुठून फोडायचं ते शोधलं.

मी जाऊबाईंपुढं जाऊन उभी राहिले. त्या भांडी गोळा करत होत्या. मी विचारलं, दुपारी पोट दुखत होतं का? त्या म्हणाल्या, न्हाई. खोटं बोलायची तसदीही त्यांनी आता घेतली नाही. मग म्हणाल्या, परकी कुणी आली असती तर तुला घराबाहेर काढली असती. माझी बहीण तुला ताई म्हणेल, माझे उपकार मान. त्यांना तसं खरंच वाटत होतं. त्या जन्मभर तसंच मानत राहिल्या आणि मी केलेल्या कापसाच्या गाठोड्याला हात देत राहिल्या. मी त्यांच्याशी बोलत राहिले, एका घरात राहायचं म्हणजे बोलावंच लागतं. पण सांगण्यासारखं मी त्यांना पुन्हा काही सांगितलं नाही.

सकाळी दादा बैल जुंपत होता. मी तिथं गेले. रात्रभर मनात खूप काही जमवलं होतं. शेवटी एवढंच विचारलं की तू म्हणाला होतास, पंगतीला बसणारच नाही, मग बसलास कसा?

तो जू बांधत होता. त्यानं गाठ आवळली. मग म्हणाला, "मी खानार नव्हतो, बाई. आलो तेव्हाच मनात धरलं व्हतं, बसतो पन हात लावत न्हाई. मोडू दे मोडलं तं माहं लगीन. तूच म्हनली खा म्हनून. आन घातली."

तो खोटं बोलत नव्हता. ताटलीवर आडवा धरलेला त्याचा हात मी स्वतः बाजूला केला होता. पण बैलाच्या मानेवरून माझ्याकडं न बघता त्यानं जे सांगितलं, त्यात त्यानं मला न सांगता छकडा जुंपला, मामांबरोबर येऊन बसला, संध्याकाळभर ओट्यावर बसून मला कणीक मळताना बघत राहिला आणि एकदाही उठून म्हणाला नाही की बाई, हे रांधू नकोस, हे काय चाललंय ते ऐक, हे सगळं वगळलं होतं. माझी चूक तेवढी त्यानं नीट वेचून काढली आणि माझ्या ओटीत टाकली. मला माहेरी न्यायचं होतं त्याचं काय, ते मी विचारलं नाही. त्यानंही काढलं नाही.

दोन्ही लग्नं माघात एकाच मांडवात लागली. मी दादाची करवली होते. त्याच्या मागं कलश घेऊन उभी राहिले, आणि चार हातांवर माझा नवरा मुंडावळ्या बांधून उभा होता. बाया माझ्याकडं बघून पदराआड कुजबुजत होत्या. माझी सवत तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची असेल. मांडवात ती मला बिलगून बसली, कारण तिच्याजवळ बसायला दुसरं कुणी मोकळं नव्हतं. थोरली बहीण पाव्हण्यांत गुंतली होती, धाकटी स्वतःच नवरी. तिच्यावर माझा राग कधीच बसला नाही. तिला झालेल्या मुलाच्या पाटीवर मी पुढं अक्षरं गिरवली, म्हणून तर आज हे लिहिता येतंय.

राग राहिला तो दादावर. लोक म्हणतात, माया असली की राग विरतो. माझा विरला नाही. भाऊबीजेला तो दरवर्षी यायचा. मी पाट मांडायची, ओवाळायची, त्यानं आणलेली चोळी घ्यायची. तो बोलायचा, मी उत्तर द्यायची. जेवायला वाढायची. मागितलं तर घालायची, नाही मागितलं तर भांडं घेऊन आत जायची. आणखी घे म्हणून त्याला मी पुन्हा कधी म्हटलं नाही. आमच्या भागात पाव्हण्याला आग्रह न करणं म्हणजे काय, ते सांगितल्याशिवाय कळतं. त्याला पहिल्याच वर्षी कळलं होतं. तरी तो काही वर्षं गप्प जेवून गेला.

मग एका भाऊबीजेला त्याला राहवलं नाही. केस पिकायला लागले होते, मांडीवर त्याची लेक बसली होती. ताटली रिकामी झाली आणि मी भगुनं हातात धरून नुसती उभी होते. तो मान वर न करता म्हणाला, "आनखी घे म्हनत न्हाईस मला, बाई?"

मी म्हटलं, "भूक असली तं घे, दादा. माहं काही म्हननं न्हाई."

त्याच्या लेकीनं रिकाम्या ताटलीत हात घातला आणि बोटांना लागलेला रस्सा चाटत बसली. दादानं ताटलीवर हात आडवा धरला नाही. काही मागितलंही नाही. त्यानं ताटलीतच हात धुतला आणि उठला.